आप्पांचा अंबाडीचा चहा

रोज सकाळी चूल पेटायच्या आधी आमच्या घरात स्पिरिटचा दिवा पेटायचा. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आप्पांच्या लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि चिमट्यात धरून नळी ज्योतीवर हलवत राहायची. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवट झालं तर थोडी. पिवळं झालं तर जास्त. विटेसारखं लाल झालं तर त्या दिवशी आई कुणाशी धड बोलायची नाही. हे काम माझ्याकडे होतं, कारण घरात मॅट्रिक झालेली मी एकटीच, आणि डॉक्टरांनी मला दवाखान्यात उभं करून दोनदा करून दाखवलं होतं. आप्पांना घाम फुटला, हात थरथरले, तर साखर उतरली समजायचं आणि लगेच गूळ द्यायचा, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायचो. आप्पा मूळचे माढ्याकडचे. शेतीत भावांचंच भागत नव्हतं म्हणून ते शहरात आले आणि प्रवासी बसवर ड्रायव्हर झाले. सोलापूर ते मंगळवेढा आणि परत, ही त्यांची गाडी. खाकी कपडे, छातीवर बिल्ला. घरातून निघताना ते तो बिल्ला धोतराच्या फडक्यानं एकदा पुसायचे.

साखरेची आम्हाला सवय झाली होती. भीती वाटायची, पण ती डोळ्यांना दिसणारी भीती होती. नळीत रंग दिसायचा, मग भात बंद, बटाटा बंद, आणि चार दिवसांत रंग उतरायचा. त्या वर्षी दिवाळीनंतर डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीत आप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला, काचेच्या नळीतला पारा वर चढताना बघितला आणि पुन्हा एकदा दाबून बघितला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "साखर आहे, त्यात आता ब्लडप्रेशर. दोन्ही एकत्र राहणं बरं नाही. डोळे, मूत्रपिंड, मेंदू, कुठेही घाव बसू शकतो. आणि हे दुखत नाही, दिसत नाही. म्हणून गोळी चुकवायची नाही."

दुखत नाही आणि दिसत नाही. हे दोन शब्द मी दवाखान्यातून घरी घेऊन आले, आणि पुढचे चार-पाच महिने ते माझ्या छातीवर बसून राहिले.

गोळ्या सुरू झाल्या आणि आप्पा बदलले. त्यांचं नाक चोंदायचं, तोंड कोरडं पडायचं. जेवता जेवता हातातला घास तसाच राहायचा. घरी आले की भिंतीला टेकून बसायचे आणि समोर बघत राहायचे. आई विचारायची, "अवं, काय होतंय तुमाला?" ते म्हणायचे, "काय न्हाय. सुस्ती हाय."

आमच्या शेजारच्या खोलीत एक तेलुगू बाई राहायच्या. त्यांना सगळी आळी अक्का म्हणायची. त्यांच्या घरात चादरीचा माग होता, दिवसभर त्याची खटखट आमच्या भिंतीतून ऐकू यायची. अक्का आईची जिवाभावाची मैत्रीण. एके दिवशी त्या कागदाच्या पुडीत वाळलेली लाल बोंडं घेऊन आल्या. अंबाडीची. अंबाडीची भाजी आमच्याकडे नेहमीचीच, तिला त्या गोंगूरा म्हणायच्या. पण ह्या लाल अंबाडीच्या फुलाखालच्या मांसल पाकळ्या होत्या, सावलीत वाळवलेल्या.

"माझ्या मालकाला पण डोकं गरगर व्हायचं की," त्या आईला म्हणाल्या. "ह्येचा चहा दिली मी. दोन टाइम. गूळ नाही, दूध नाही. महिन्यात बरं झालं बघ माणूस. सकाळी उठून मागावर बसतंय."

मी पाणी उकळलं, त्यात मूठभर बोंडं टाकली आणि वर झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा पाणी इतकं लाल झालं होतं की मला क्षणभर बघवेना. गाळून कपात दिलं. आप्पांनी एक घोट घेतला आणि एक डोळा मिटला. दात आंबले त्यांचे. पण कप संपवला. "उसाच्या रसात लई लिंबू पिळल्यागत लागतंय," म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

मग तो चहा रोजचा झाला. सकाळी एक कप, संध्याकाळी एक कप, आणि एक बाटली भरून गाडीवर. पंधरा दिवसांत आप्पा पुन्हा पहिल्यासारखे झाले. चेहऱ्यावर तरतरी आली, बोलायला लागले, आईची चेष्टा करायला लागले. आईनं अक्काला साडीचोळी केली. मीही मनातून अक्काच्या पाया पडत होते.

त्यानंतर आठवडाभरानं आप्पांच्या शर्टाची गुंडी तुटली. सुईदोऱ्याचा डबा सापडेना म्हणून मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. लायसन, जुने फोटो, आणि त्याखाली डॉक्टरांच्या कंपाउंडरनं बांधून दिलेल्या कागदी पुड्या. एकही सोडलेली नव्हती. मी बोटांनी चाचपून पाहिलं. आत गोळ्या तशाच होत्या.

आई नळावर गेली होती. आप्पा दारात बूट पुसत बसले होते. मी पुड्या हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहिले.

त्यांनी पुड्यांकडे पाहिलं, मग बाहेर आळीत नजर टाकली. "दार लोट," म्हणाले. मी दार लोटलं.

"आईला सांगू नगंस."

"आप्पा, डॉक्टर म्हणाले होते, गोळी चुकवायची नाही."

"ऐक माझं. त्या गोळीनं माझा डोळा लागला." ते फार हळू बोलत होते. "स्टेरिंगवर. भीमेच्या पुलावर. दुपारचं ऊन, गाडी भरल्याली. किती वेळ लागला मला ठावं न्हाय. डोळं उघडलं तवा कठडा हितं होता." त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्यापासून हातभर अंतर दाखवलं. "कुणाला कळलं न्हाय. कंडक्टरला वाटलं खड्डा चुकवला. त्या दिवसापास्नं गोळी घेतली न्हाय मी."

"मग डॉक्टरांना सांगायचं ना. ते बदलून देतील."

"आन त्येनी डेपोत कळवलं तर? शुगर हाय, प्रेशर हाय, झोप लागती. कोण बसू देईल मला गाडीवर? बिल्ला काढून घेतील, पोरी." आणि मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, "तसंबी आता चहानं बरं वाटतंय की. डोकं हलकं हाय. हाय का न्हाय मी बरा?"

ते बरे दिसत होते, हेच भयंकर होतं. गोळी घेतली तर पुलावर झोप, गोळी नाही घेतली तर डॉक्टर म्हणाले ते. त्या दोन भीतींच्या मधे मी उभी होते, आणि कुठल्या बाजूला एक पाऊल टाकावं ते मला कळत नव्हतं. मी पुड्या परत पेटीत ठेवल्या. आईला सांगितलं नाही. हा निर्णय माझा होता, आणि पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे, असं मला आजही वाटतं.

त्या दिवसांत मी बालवाडीत शिकवायला जायची. मुलं बडबडगीत म्हणायची आणि मी मनात वेळ मोजायची. आत्ता आप्पा निघाले असतील, आत्ता पूल आला असेल, आत्ता उतरला असेल. संध्याकाळी त्यांच्या बुटांचा आवाज आळीत वाजला की माझा अडलेला श्वास सुटायचा. रात्र झाली की उद्याचा श्वास अडकायला सुरुवात. त्यांच्या गाडीत पन्नास-साठ माणसं असायची. बाळंतिणी, म्हातारी माणसं, शाळेतली पोरं. त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, फक्त मला माहीत होतं. सकाळी तो लाल चहा गाळताना मी मनात म्हणायची, उतर, जे काही चढलंय ते उतर. पण ते उतरतंय की चढतंय हे दाखवणारी काचेची नळी माझ्याकडे नव्हती.

शेवटी मला राहवेना. फाल्गुनातल्या एका रविवारी मी आईला म्हणाले, मंगळवेढ्याच्या मावशीकडून घरची ज्वारी घेऊन येते. आणि आप्पांच्याच गाडीत बसले. त्यांच्या मागच्या जाळीला लागून जी सीट असते ती धरली. आप्पांना गंमत वाटली. "आज इन्स्पेक्टर हाय गाडीवर," असं ते कंडक्टरला म्हणाले.

जातानाचा सगळा रस्ता मी बाहेर बघितलंच नाही. आप्पांची मान बघत होते. कानाच्या मागे एक शीर फुगलेली होती. ती नेहमीच तशी असते की आज आहे, हे मला आठवेना. पूल आला तेव्हा मी जाळीत बोटं अडकवली आणि त्यांचं डोकं खाली कलतंय का ते बघत राहिले. नाही कललं. मंगळवेढ्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनी बाटलीतला चहा घेतला, भाकरी खाल्ली, दोन ओळखीच्या माणसांशी गप्पा मारल्या. मला वाटलं, आपण उगीच भितो. मावशीकडून पिशवीभर ज्वारी घेतली आणि परतीला पुन्हा त्याच सीटवर बसले.

दुपारचं ऊन होतं. गाडी मंगळवेढ्याबाहेर पडून पाऊण तास झाला असेल. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली ज्वारी. गाडीचा वेग कमी व्हायला लागला. पुढं ना गाव होतं ना थांबा. आप्पांनी गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं. मग दोन्ही हातांनी स्टेरिंग धरून ते तसेच बसून राहिले.

कंडक्टर पुढं आला. "काय झालं वो? पंक्चर हाय का?"

आप्पांनी मान हलवली. दार उघडून खाली उतरले, पण पायरीवरून पाय सरकला आणि ते दाराला धरून लोंबकळले. मी धावत खाली उतरले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता.

"आप्पा, काय होतंय?"

"मागं डोस्कं फुटतंय." त्यांनी मानेवर हात ठेवला. "आन ह्या डोळ्यानं काळं जाळं दिसतंय. अर्धा रस्ता दिसंना झाला. म्हणून थांबलो."

आम्ही त्यांना कडुलिंबाच्या सावलीला बसवलं. माणसं खाली उतरली, कडं करून उभी राहिली. त्यांत मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी होती. तिनं आपल्या गाठोड्यातून गुळाचा खडा काढला. "द्या की त्यास्नी गूळ. उपाशी असंल माणूस. तोंडात टाक बाय."

मी तो खडा हातात घेतला आणि थांबले. साखर उतरली असेल तर हा गूळ त्यांना वाचवेल. नसेल उतरली तर? साठ माणसं माझ्याकडे बघत होती. मी आप्पांचा हात हातात घेतला. हात कोरडा होता, गरम होता, थरथरत नव्हता. कपाळाला हात लावला. घामाचा टिपूस नाही. शिवाय भाकरी तर माझ्यासमोर खाल्ली होती त्यांनी. ही साखर नव्हती. हे ते दुसरं होतं, न दिसणारं.

"नको आज्जी," मी म्हणाले. खडा परत तिच्या हातात दिला.

आप्पांनी हात पुढं केला. "बाटली दे. चहा दे जरा, बरं वाटंल."

बाटली मंगळवेढ्याला मीच माझ्या खांद्यावरच्या झोळीत ठेवली होती. तळाला दोन घोट राहिले होते. मी ती घट्ट धरली. "आता हे नाही, आप्पा. आता डॉक्टर."

"अगं दे की."

"नाही देणार."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हणाले. ते माझ्याकडे एका डोळ्यानं बघत राहिले, दुसरा त्यांनी तळहातानं झाकून घेतला होता.

मागून दुसरी गाडी यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात मी सतत त्यांच्याशी बोलत होते. काहीही विचारत होते, माढ्याच्या विहिरीचं, आजोबांच्या बैलांचं, फक्त त्यांची जीभ अडखळते का ते बघायला. कंडक्टर आमच्या गाडीपाशी थांबला आणि आम्ही त्या दुसऱ्या गाडीतून सोलापूरला आलो. ज्वारीची पिशवी आमच्या गाडीतच राहिली.

डॉक्टरांचं घर नवी पेठेतल्या दवाखान्याच्या वरच होतं. रविवार असूनही ते खाली आले. पट्टा बांधला, फुगा दाबला. पारा चढत गेला. मी पाऱ्याकडे न बघता डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी आप्पांना आडवं केलं, एक इंजेक्शन दिलं, आणि मगच विचारलं, "गोळ्या चालू आहेत?"

आप्पा छताकडे बघत होते. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. बापानं मुलीकडे असं बघू नये.

"नाहीत," मी म्हणाले. "दोन महिने झाले. झोप येते म्हणून बंद केल्या. गाडी चालवताना डोळा लागला होता."

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

मी सगळं सांगितलं. पुलाचं, पेटीतल्या पुड्यांचं, अक्काच्या बोंडांचं. झोळीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावतील, बाटली फेकून देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी बूच काढून वास घेतला, बोटावर थेंब घेऊन चाखला.

"अंबाडी. माझी आई सरबत करायची हिचं." ते आप्पांजवळ खुर्ची ओढून बसले. "हे बघा, तुम्हाला मी दिलेली गोळीसुद्धा सर्पगंधेच्या मुळीतूनच निघते. झाडपाल्याशी माझं भांडण नाही. ह्या चहानं प्रेशर थोडं उतरतही असेल. पण किती उतरतं, तुमच्या अंगाला किती पुरतं, हे तुम्ही मोजलंत? मी मोजलं? बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. गोळीसोबत मला विचारून एखादा कप घेतला असता तर मी मोजून बघितलं असतं. गोळीच्या जागी घेतलात, तिथं चुकलं."

मग म्हणाले, "आणि झोप येते हे मला का नाही सांगितलंत? दुसरं औषध होतं माझ्याकडे."

आप्पा डोळे न उघडता म्हणाले, "तुमी डेपोत कळवलं असतं, डाक्टरसाहेब."

डॉक्टरांनी बाटलीला पुन्हा बूच लावलं. "हो," ते म्हणाले. "कळवलं असतं."

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्याच्या आत रक्त उतरलं आहे. काही महिन्यांत त्यातलं थोडं ओसरलं, पण काळं जाळं पुरतं गेलं नाही. गाडी कायमची सुटली. आप्पा स्वतःच डेपोत गेले, सगळं खरं सांगितलं आणि बिल्ला टेबलावर ठेवून आले. त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. दिवसभर ते ध्वनिक्षेपकावर दुसऱ्यांच्या गाड्यांची नावं पुकारायचे.

नव्या गोळ्यांनी सुस्ती आली नाही. दर आठवड्याला मी त्यांना दवाखान्यात घेऊन जायची. ते मुकाट्यानं दंड पुढं करायचे. पण माझ्याशी बोलायचे नाहीत. ताट वाढलं तर जेवायचे, चप्पल पुढं केली तर घालायचे, शब्द मात्र नाही. आई दोघांच्या मधे रडकुंडीला यायची. मला वाटायचं, मी त्यांना वाचवलं की त्यांचं जे होतं ते काढून घेतलं? हे कुणाला विचारायचं?

अक्का तर आमच्या दारात यायच्याच बंद झाल्या. मागाची खटखटही आठवडाभर ऐकू आली नाही. मी त्यांच्याकडे गेले तर त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. "तुझ्या अप्पाला मी मारली असती काय गं?" असं म्हणून त्या रडायला लागल्या. मी म्हणाले, "अक्का, तुम्ही गोळी बंद करा असं कुठं म्हणाला होतात?" त्यांना ते पटलं नाही. पण आई जाऊन त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आली. त्यांना बघून आप्पा म्हणाले, "अक्का, चूक माझी हाय. तुमी कशाला रडता?" बऱ्याच दिवसांत ते एवढे शब्द बोललेले आम्ही पहिल्यांदाच ऐकले.

माझ्याशी ते बोलले पावसाळा संपल्यावर. मावशीच्या घरी लग्न होतं. मी निघण्याच्या तयारीत होते. ते खुंटीवरची टोपी घालून दारात आले आणि म्हणाले, "चल. मीबी येतो."

गाडीत आम्ही मधल्या बाकावर बसलो. ते खिडकीशी, मी कडेला. ड्रायव्हर नवा होता, पंचविशीतला. गावाबाहेरचं पहिलं वळण आलं तेव्हा मी पाहिलं, आप्पांचा उजवा पाय पत्र्यावर जोरात दाबला गेला होता, ब्रेकवर दाबावा तसा. दुसऱ्या वळणावर पुन्हा तसंच. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतला.

थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "पोरगं घाई करतंय गेर टाकताना. शिकंल."

"शिकेल," मी म्हणाले.

मग मंगळवेढा येईपर्यंत ते मला रस्त्यावरचा एकेक उतार दाखवत राहिले, कुठं गाडी दुसऱ्यात घ्यायची, कुठं पावसात चाक घसरतं, आणि मी सगळं ऐकत राहिले.